तांबडी कण्हेर आणि पिवळी कण्हेर

ज्या झुडपाला गुरें तोंड लावीत नाहींत तें कुंपणाला उत्तम, हा शेतकऱ्याचा आणि बंगलेवाल्याचा सारखाच अनुभव आहे. कण्हेर आपल्या दारांत टिकली ती मुख्यतः या गुणामुळें. पाण्यावांचून ती तग धरते, धूळ सोसते, वर्षांतले बहुतेक महिने फुलत राहते, आणि रस्त्यावरची भटकी शेळी तिच्याकडे एकवार पाहून पुढें जाते. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर जाणाऱ्या आणि येणाऱ्या वाहनांच्या मधल्या पट्टींत कण्हेरीच्या रांगा लाविलेल्या आहेत, त्या आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिल्या असतील. एवढ्या धुरांतहि तें झुडूप प्रसन्न उभें असतें. परंतु शेळीला जें कळतें तें आपल्याला कळतें काय, असा प्रश्न कित्येक सुशिक्षित घरांच्या बागा पाहून मला पडतो.

श्रोतेहो, आज मी ज्या दोन झुडपांविषयीं बोलणार आहें, त्यांना आपण एकच नांव देतों. एक तांबडी कण्हेर, जी गुलाबी आणि पांढरीहि असते. आणि दुसरी पिवळी कण्हेर, जिला आपल्याकडे बिट्टी असेंहि म्हणतात. नांव एक असल्यामुळें आपण असें समजतों कीं, शेवंती जशी पिवळी आणि पांढरी, तशीच हीहि रंगाची तऱ्हा असेल. तसें मुळींच नाहीं. हीं झुडपें एका कुळांतलीं खरीं. तगर, चाफा, सदाफुली हींहि त्याच कुळांतलीं. पण घराणीं निराळीं, जन्मभूमि निराळी, आणि, जें मला आज विशेषेंकरून सांगावयाचें आहे, त्यांच्यापासून घराला पोहोंचणारा धोकाहि निराळ्या वाटेनें येतो. तेव्हां दोघींची ओळख वेगवेगळी करून घेतली पाहिजे.

ध्वनिक्षेपकावरून पान दाखवितां येत नाहीं, म्हणून शब्दांनींच दाखवितों. तांबड्या कण्हेरीचें पान जाड, चामड्यासारखें, भाल्याच्या पात्याच्या आकाराचें असतें, आणि फांदीच्या एका पेऱ्याशीं बहुधा तीन-तीन पानांचा फेरा असतो. मधली शीर ठळक, आणि तिच्यापासून दोन्ही कडांकडे जाणाऱ्या बारीक शिरा इतक्या जवळजवळ व समांतर कीं, फणीच्या दांत्यांची आठवण व्हावी. बिट्टीचें पान अरुंद, तकतकीत आणि त्या मानानें नाजूक. मधली शीर सोडली तर दुसरी सहसा नजरेस येत नाहीं. शिवाय तिचीं पानें फेऱ्यांनीं न येतां फांदीभोंवतीं एकामागून एक, मळसूत्राच्या चढीनें, लागलेलीं असतात. झाडावर एकहि फूल नसलें तरी एवढ्या खुणांवरून कोणालाहि निवाडा करतां येईल. डहाळी मोडली तर बिट्टींतून पांढराशुभ्र चीक टपकूं लागतो. तांबडीचा रस पातळ असतो. मोडून पाहिलीच तर हात मात्र लागलीच धुवावे.

तांबडीच्या पानाची आणखी एक गंमत आहे, ती महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना चांगली ठाऊक असते. कारण परीक्षेंत या पानाचा पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवावा लागतो. पान श्वासोच्छ्वास करतें तीं छिद्रें इतर झाडांप्रमाणें पृष्ठभागावर उघडीं नसतात. पानाच्या खालच्या अंगाला लहान लहान खळगे असतात, त्या खळग्यांत तीं लपलेलीं असतात, आणि खळग्यांच्या तोंडाशीं बारीक केंस असतात. वारा आंत शिरत नाहीं, पाण्याची वाफ सहजासहजीं बाहेर पडत नाहीं. हें सारें वाळवंटी झाडाचें लक्षण. आणि गंमत अशी कीं, हें झुडूप मूळचें वाळवंटांतलें नव्हे, ओढ्यानाल्यांच्या कांठचें. भूमध्य समुद्राभोंवतालच्या प्रदेशापासून थेट आशियापर्यंत तें नद्यांच्या दगडधोंड्यांच्या पात्रांत रानटी वाढतें. पण तेथले ओढे हिवाळ्यांत दुथडी वाहतात आणि उन्हाळ्यांत कोरडे ठणठणीत पडतात. ज्याला अर्धें वर्ष पुरांत आणि अर्धें वर्ष तापलेल्या खडकांत काढावयाचें, त्याला दोन्हींची तयारी ठेवावी लागते. आपल्या शहरांतल्या डांबरी रस्त्याच्या मधोमध तिला कांहीं अवघड वाटत नाहीं, तें यामुळें.

आतां फूल. तांबडीचीं फुलें शेंड्याशीं झुबक्यानें येतात; पांच पाकळ्या चक्रासारख्या मोकळ्या पसरतात आणि गळ्याशीं झालरीसारखे कातरलेले तुकडे असतात. बिट्टीचें फूल घंटेसारखें. तें पुरतें उघडतच नाहीं, पाकळ्या एकमेकींवर पदर घेतल्यासारख्या वळलेल्या राहतात. कळीकडे नीट निरखून पाहाल तर आणखी एक मौज दिसेल. दोहोंच्याहि पाकळ्यांना पीळ असतो, पण एकीचा पीळ दुसरीच्या अगदीं उलट दिशेचा असतो. वनस्पतिशास्त्रज्ञ कुळाच्या पोटशाखा ठरवितांना या पिळाकडे मोठ्या आदरानें पाहतात.

दोघींच्या वागणुकींतहि फरक आहे. बिट्टीच्या फुलाच्या तळाशीं मध असतो. शिंजिर पक्षी तिच्यापाशीं घिरट्या घालतात ते त्याकरितां. तांबडी कण्हेर मात्र रंग दाखविते, मंद सुगंध देते, आणि आलेल्या किड्यामाशीला कांहींहि देत नाहीं. तिच्या फुलांत मधच नसतो. अनुभवी कीटक तिच्या नादीं लागत नाहींत. नवशिके फसतात, आणि तेवढ्यावर तिचें काम भागतें, पण फार थोडें भागतें. आपल्या बागेंतल्या गुलाबी कण्हेरीला शेंगा धरलेल्या आपण क्वचितच पाहतों याचें एक कारण हें असावें. धरल्याच तर त्या लांब, सडपातळ, जोडीजोडीनें येतात. वाळून फुटतात, आणि आंतल्या बिया केंसांच्या झुबक्यावर बसून वाऱ्यानें उडून जातात.

बिट्टीचें फळ अगदीं निराळें, आणि येथें आपण जरा थांबलें पाहिजे. तें गरदार, हिरवें, किंचित् तिकोनी असतें. पिकलें म्हणजे काळें पडतें व झाडाखालीं गळतें. गर कुजून गेला कीं आंतली टणक आठळी उरते. या आठळीलाच बिट्टी म्हणतात. पूर्वींच्या मुली सागरगोट्यांप्रमाणें बिट्ट्यांनींहि खेळत. आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांना विचाराल तर त्यांना तो खेळ आठवत असेल. वेस्ट इंडीज बेटांत हीच आठळी भाग्याची म्हणून लोक जवळ बाळगतात. आणि याच आठळीच्या पोटांत ज्या बिया असतात, त्यांत त्या साऱ्या झाडाचें विष सर्वांत अधिक साठलेलें असतें. कोकिळ पक्षी हीं फळें खातांना पाहण्यांत आला आहे, आणि त्याला त्यापासून कांहीं होत नाहीं. पक्ष्यानें खाल्लेलें फळ माणसाला बाधत नाहीं, हा जो आपल्या लोकांत समज आहे, त्याला हें झाड म्हणजे रोकडें उत्तर आहे.

दोघींच्या इतिहासाकडे वळूं. तांबडी आपल्याकडे फार पुरातन. संस्कृतांत तिला करवीर म्हणतात; कोल्हापूरच्या जुन्या नांवांतला शब्दहि हाच. अमरकोशांत तिच्या नांवांत ‘हयमारक’ असें एक नांव आहे. हय म्हणजे घोडा. घोड्याला मारणारी ती हयमारक. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत मुळांतल्या विषांची गणना केली आहे, तेथेंहि ती ‘अश्वमार’ या नांवानें हजर आहे. आणि पुढें वैद्यांनीं जीं उपविषें मानलीं त्यांत अफू, धोतरा, गुंज यांच्या पंक्तीला करवीराला बसविलें आहे. आपल्या पूर्वजांना फुलाची शोभा दिसत होती, पण नांव ठेवतांना त्यांनीं शोभेवर नांव ठेविलें नाहीं, हें मला मोठें अर्थपूर्ण वाटतें. पश्चिमेकडेहि ती तितकीच जुनी. इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालेल्या पाँपेई नगराच्या भिंतींवर बागांचीं जीं चित्रें सांपडलीं, त्यांत ही फुललेली आहे. लिनीयसनें १७५३ त तिला ‘नेरियम ओलिअँडर’ हें शास्त्रीय नांव दिलें. पुढें बराच काळ आपल्याकडील सुवासिक कण्हेर ही युरोपांतील कण्हेरीहून निराळी जाति मानीत असत. आतां दोन्ही एकच समजतात.

पिवळी मात्र आपल्याकडे पाहुणी म्हणून आली. तिचें माहेर मेक्सिको आणि त्याखालचा अमेरिकेचा उष्ण प्रदेश. म्हणजे कोलंबसाच्या सफरीपूर्वीं आपल्या भूमींत तिचें पाऊलहि पडलें नव्हतें. लिनीयसनें तिला प्रथम ‘सर्बेरा’ या वंशांत घातलें. ग्रीक पुराणांत यमलोकाच्या दाराशीं सर्बेरस नांवाचा तीन तोंडांचा कुत्रा बसलेला असतो, त्याच्यावरून हें नांव. विषारी झाडाला यापेक्षां समर्पक नांव मिळणें कठीण. पुढें तिला ‘थेवेशिया’ म्हणूं लागले. आंद्रे थेवे नांवाचा एक फ्रेंच संन्यासी १५५५ त ब्राझिलांत गेला होता. तेथल्या झाडाझुडपांविषयीं त्यानें लिहिलें, त्यांत हिच्या एका बहिणीचें वर्णन आहे. अलीकडे शास्त्रज्ञ तिला ‘कॅस्कॅबेला थेवेशिया’ म्हणतात. कॅस्कॅबेल म्हणजे स्पॅनिश भाषेंत लहानशी घंटा किंवा खुळखुळा. यमाच्या कुत्र्यापासून मुलाच्या खुळखुळ्यापर्यंतचा हा नांवांचा प्रवास ऐकून हंसूं येतें. परंतु यमाचें नांव गेलें म्हणून गुण गेला असें नव्हे.

येथें एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. पुढील काळांतल्या निघंटूंत पांढऱ्या-तांबड्याबरोबर पिवळ्या करवीराचेंहि नांव येतें. तें वाचून कोणी कोणी बिट्टीलाच ‘पीत करवीर’ ठरवितात, आणि जुन्या ग्रंथांतले गुण तिच्या माथीं मारून मोकळे होतात. फिकट पिवळ्या फुलांची खरी कण्हेरहि असते, हें ते विसरतात. अमेरिकेंतून आलेल्या झाडाचें वर्णन त्यापूर्वींच्या आपल्या परंपरेंत शोधणें म्हणजे ज्ञानेश्वरांच्या पंक्तीला बटाट्याची भाजी वाढण्यासारखें आहे. शब्दाचा वाद असता तर मी तो आपल्यापुढें मांडला नसता. पण औषधाच्या बाबतींत एका झाडाचें प्रमाण दुसऱ्याला लावणें जिवावर बेतूं शकतें.

आतां त्या विषाविषयीं. दोहोंचीं विषें एकाच जातीचीं आहेत. तांबडींतल्या मुख्य विषाला ओलिअँड्रिन म्हणतात, पिवळींतल्या एका प्रमुख विषाला थेवेटिन. हृदयाच्या प्रत्येक पेशींत सोडियम बाहेर टाकणारी आणि पोटॅशियम आंत घेणारी एक सूक्ष्म यंत्रणा असते. हीं विषें ती यंत्रणाच अडवितात. मग हृदयाचा ताल बिघडतो, ठोके मंदावतात, मध्येंच चुकतात. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्यानें १७८५ त डिजिटॅलिस या झाडाच्या पानांचा हृदयविकारावरील उपयोग प्रसिद्ध केला. त्या औषधाचें कार्य आणि कण्हेरीच्या विषाचें कार्य मुळांत एकाच प्रकारचें आहे. पण औषध मोजून घेतां येतें. झाडाच्या पानांत किंवा बींत किती विष आहे हें कोणालाहि बाहेरून सांगतां येत नाहीं. शिवाय पान वाळल्यानें किंवा उकळल्यानें तें निर्विष होत नाहीं. गुरांच्या बाबतींत हें फार घातक ठरतें. हिरवी कण्हेर जें जनावर हुंगून सोडून देतें, तेंच जनावर छाटून वाळलेलीं पानें गवतांत मिसळलीं गेलीं तर खाऊन टाकतें.

२०२४ मध्यें केरळांत एका तरुणीचा मृत्यू झाला. तिनें घराजवळच्या कण्हेरीचें पान चघळलें होतें व त्यानेंच तो ओढवला, असा संशय व्यक्त झाला. त्यानंतर त्रावणकोर आणि मलबार येथील देवस्थान मंडळांनीं नैवेद्यांत व प्रसादांत कण्हेरीचें फूल वापरूं नये असें ठरविलें. तेथें या फुलाला अरळी म्हणतात. पूजेंतून फूल काढलें नाहीं. जें तोंडांत जाईल त्यांतून तेवढें काढलें. हा निर्णय मला फार समंजस वाटतो, आणि आपल्या घरांतहि तो सहज पाळतां येण्यासारखा आहे. गणेशचतुर्थीच्या एकवीस पत्रींत करवीराचें पान आहे. तें जरूर वाहावें. मात्र तीर्थाच्या भांड्यांत, पंचामृतांत किंवा प्रसादाच्या ताटांत कण्हेरीचें फूल-पान पडूं देऊं नये, आणि दुसऱ्या दिवशीं निर्माल्य गाईपुढें टाकूं नये. पुण्य जोडावयास जाऊन गोहत्या पदरीं पडावयाची!

हें सर्व ऐकून उद्यां सकाळींच कुऱ्हाड घेऊन बागेंत जाण्याचें मात्र कारण नाहीं. या विषावर पोसलेले प्राणीहि आहेत. तांबड्या कण्हेरीच्या पानांवर कधीं कधीं बोटाएवढी हिरवीगार अळी दिसते, तिच्या अंगावर डोळ्यांसारखे दोन निळसर ठिपके असतात. तिच्यापासून पुढें हिरव्या-गुलाबी संगमरवरासारखा सुरेख मोठा पतंग होतो. दुसरें एक तपकिरी-काळें फुलपांखरूंहि याच पानांवर अंडीं घालतें. त्याचा कोष झाडाला टांगलेला असतो तो चांदीच्या पाण्यानें मढविल्यासारखा चकाकतो. हा कोष पाहण्याकरितां तरी घरीं एक कण्हेर असावी, असें मी म्हणेन. कोंवळ्या शेंड्यांवर पिवळ्याधमक माव्याची गर्दी होते तेव्हां लोक घाबरून औषध फवारतात; पाण्याची जोराची धार मारली तरी पुष्कळ काम भागतें.

मग कोणती लावावी? माझें मत विचाराल तर ज्या घरांत चालतीं-बोलतीं लहान मुलें आहेत तेथें बिट्टी नको, निदान ओटीजवळ आणि खेळण्याच्या अंगणांत तरी नको. तांबडीचें विष पानांत, फांदींत, मुळांत, फुलांत सर्वत्र आहे. परंतु तिचें पान कडवट व चिवट असतें, आणि तें मुलाच्या हातीं सहसा आपण होऊन येत नाहीं. बिट्टीचें फळ मात्र आपण होऊन खालीं पडतें, तें खाण्याजोगें दिसतें, आणि तिची आठळी खेळावयास घ्यावी अशीच असते. धोका कमी-अधिक असण्यापेक्षां तो मुलाच्या हातापर्यंत कसा पोहोंचतो, हें गृहिणीनें पाहावयाचें असतें. श्रीलंकेंत या पिवळ्या कण्हेरीच्या बियांनीं विषबाधा झालेले रुग्ण इतक्या मोठ्या संख्येनें रुग्णालयांत येत आले आहेत कीं, तिच्यावरील उताऱ्याची शास्त्रीय परीक्षा तेथेंच झाली. डिजिटॅलिसवर उतारा म्हणून तयार केलेलीं प्रतिद्रव्यें या विषावरहि लागू पडतात, हें २००० सालीं सिद्ध करून दाखविण्यांत आलें. पण तें औषध अत्यंत महाग असून हरएक गांवीं मिळण्यासारखें नाहीं.

यदाकदाचित् मुलानें बी किंवा पान चावलें असा संशय आला तर मीठपाणी, तूप, लिंबू यांत क्षणहि दवडूं नये, आणि बळेंच ओकारीहि काढूं नये. तोंडांत राहिलेले तुकडे काढून टाकावे, त्या झाडाची डहाळी किंवा फळ बरोबर घ्यावें, आणि थेट मोठें रुग्णालय गांठावें. तोंडाची आग किंवा बधिरपणा, मळमळ, ओकाऱ्या, मंद झालेली नाडी हीं लक्षणें. मूल तासाभरांत हंसूं-खेळूं लागलें तरी परत घरीं आणण्याची घाई करूं नये. हृदयाचा ताल कित्येक तासांनंतरहि बिघडूं शकतो, म्हणून डॉक्टर निदान एक दिवस देखरेखीखालीं ठेवूं इच्छितात, तें योग्यच आहे.

ज्यांच्या घरीं बिट्टीचें झाड आधींच आहे आणि सावलीसाठीं तें तोडवत नाहीं, त्यांनीं एक नेम करावा. फुलांचा बहर ओसरला कीं शेंडे छाटावे, म्हणजे फळें धरण्यापूर्वींच निघून जातात आणि नव्या फुटीवर पुन्हां फुलें येतात. तरी जीं फळें गळतील तीं रोज संध्याकाळीं वेंचून खोल पुरून टाकावीं; खालीं उगवलेलीं रोपें उपटावीं. तांबडीचीहि छाटणी अशीच, कारण तीहि नव्या फांदीच्या टोकालाच फुलते. तिची नवी लागवड हवी असेल तर छाटलेली काडी पाण्यांत उभी करून ठेवली तरी मुळें फुटतात. मात्र त्या पेल्यावर चिठ्ठी लावावी आणि तो पिण्याच्या पाण्याच्या भांड्यांजवळ ठेवूं नये. छाटलेला पाला जाळूं नये, त्याचा धूरहि बाधतो. बंबांत किंवा चुलींत तर मुळींच घालूं नये. काम करतांना माळ्याला हातमोजे द्यावे, आणि काम संपल्यावर चहा देण्यापूर्वीं साबण द्यावा.